रॅम घेण्याआधी बोर्ड आणि प्रोसेसरशी जुळणी कशी तपासायची

"डीडीआर४ची आठ जीबी द्या." पणजीत, मडगावात, म्हापशात, कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाईक बहुधा एवढ्याच शब्दांत रॅम मागतं. दुकानदार समोरचं पाकीट काढून देतो, बिल होतं, आणि घरी गेल्यावर मशीन सुरूच होत नाही. किंवा सुरू होतं, पण सोळाऐवजी आठच जीबी दाखवतं. किंवा सगळी रॅम दिसते, पण पाकिटावर छापलेल्या वेगाने चालत नाही. यात दुकानदाराचा दोष क्वचितच असतो. स्टिकचा आकार, तिचा प्रकार (डीडीआर३, ४ की ५), बोर्डाची म्हणजे मदरबोर्डाची मर्यादा आणि प्रोसेसरची मर्यादा या चारही गोष्टी सांगायच्या राहून गेलेल्या असतात.

चूक होते ती क्रमात. आधी रॅम पसंत केली जाते, स्वस्त दिसली म्हणून किंवा मित्राने सांगितली म्हणून, आणि ती आपल्या मशीनला चालेल का याची चौकशी मागाहून सुरू होते. क्रम उलटा हवा. आधी बोर्ड, मग प्रोसेसर, आणि या दोघांनी आखून दिलेल्या चौकटीत बसणारी स्टिक सर्वांत शेवटी. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, त्यामुळे अनेक जण वापरलेल्या स्टिककडे वळतात. तिथे परत करण्याची सोय बहुधा नसते, म्हणून हा क्रम तिथे आणखी काटेकोरपणे पाळा.

## तयारी

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर सहा नोंदींसाठी जागा सोडा: बोर्डाचं पूर्ण नाव, बोर्डाचं रिव्हिजन (त्याच नावाच्या बोर्डाची कितवी आवृत्ती), बायोसची म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमची आवृत्ती, प्रोसेसरचं पूर्ण नाव, आत्ता बसवलेल्या स्टिकचा तपशील, एकूण स्लॉट आणि त्यातले रिकामे किती. दुकानात हाच कागद दाखवायचा आहे.

मशीन चालू असेल तर सीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवून घ्या. मशीन बंद पडलेलं असेल किंवा नावाबद्दल शंका असेल, तर बाजूचं झाकण उघडावं लागेल. त्यासाठी फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि मोबाईलची टॉर्च पुरते. झाकण उघडण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करा, मागची पॉवर केबल काढा आणि मशीनचं सुरू करण्याचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा. आपल्याकडच्या दमट हवेत अंगावर स्थिर वीज कमी साठते हे खरं, पण वातानुकूलित खोलीत बसून काम करणाऱ्यांनी त्यावर विसंबून राहू नये.

## टप्पा १: बोर्डाचं पूर्ण नाव

"गिगाबाइटचा बोर्ड आहे" किंवा "एच६१० आहे" एवढ्याने काहीच ठरत नाही. एच६१० हे चिपसेटचं, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपचं नाव आहे. त्या चिपसेटवर बनवलेल्या काही बोर्डांवर डीडीआर४ लागते, काहींवर डीडीआर५. म्हणून नाव शेवटच्या अक्षरापर्यंत हवं.

सीपीयू-झेड उघडून "मेनबोर्ड"च्या पानावर जा. तिथे कंपनी, मॉडेल, चिपसेट आणि बायोसची आवृत्ती एकत्र दिसतात. चारही कागदावर उतरवा. विंडोजच्या "सिस्टम इन्फर्मेशन"मध्येही बेसबोर्डच्या ओळीत मॉडेल सापडतं.

झाकण उघडलं असेल तर नाव बोर्डावरच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, बहुतेकदा प्रोसेसर आणि खालच्या कार्डांच्या स्लॉटच्या मधल्या जागेत. रिव्हिजनचा आकडा मात्र बारीक असतो आणि तो बोर्डाच्या कोपऱ्यात किंवा कडेला शोधावा लागतो. टॉर्च तिरपी धरली की दिसतो. गिगाबाइटच्या बाबतीत हा आकडा फार महत्त्वाचा, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या वेगवेगळ्या रिव्हिजनसाठी कंपनीच्या साइटवर वेगवेगळी पानं असतात आणि रॅमच्या याद्याही वेगळ्या असतात.

सावधान: बोर्डाचा खोका घरात असला तरी त्यावर विसंबू नका. दुरुस्तीच्या वेळी बोर्ड बदलला गेला असेल तर खोका जुन्याच बोर्डाचा राहिलेला असतो. आत जे छापलंय तेच प्रमाण.

डेल, एचपी, लेनोवो यांच्या तयार मशीनवर बोर्डाचं नाव शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे मशीनचं मॉडेल आणि मागच्या स्टिकरवरचा सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर घ्या. कंपनीच्या साइटवर त्यावरून थेट मशीनची माहितीपुस्तिका मिळते आणि तिच्यात मेमरीचं स्वतंत्र पान असतं.

## टप्पा २: प्रोसेसर काय स्वीकारतो

रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या पोटातच असतो. बोर्डावर स्लॉट आणि तारा असतात, पण कोणती रॅम, कोणत्या वेगापर्यंत आणि किती, याची पहिली सीमा प्रोसेसर घालतो. म्हणून "आय५ आहे" एवढं पुरत नाही. आय५-४४६० आणि आय५-१२४०० या दोन्ही "आय५"च, पण एकीला डीडीआर३ लागते आणि दुसरीला डीडीआर४ किंवा डीडीआर५.

पूर्ण नाव टास्क मॅनेजरच्या "परफॉर्मन्स"मध्ये सीपीयूवर क्लिक केलं की वरच्या कोपऱ्यात दिसतं. ते इंटेल किंवा एएमडीच्या साइटवर शोधून "मेमरी स्पेसिफिकेशन्स"चा भाग वाचा. त्यातल्या तीन ओळी कागदावर घ्या: मेमरीचा प्रकार, कमाल वेग, कमाल क्षमता.

घरोघरी आणि दुकानांतून दिसणाऱ्या मशीनचा ढोबळ हिशेब असा:

इंटेलच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या डेस्कटॉपला डीडीआर३. सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर३एल या दोन्ही स्वीकारतात. तुमच्या मशीनला कोणती, हे बोर्डावरच्या स्लॉटवर ठरतं. आठव्यापासून अकराव्या पिढीपर्यंत डेस्कटॉपला डीडीआर४. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या एलजीए१७०० सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पुन्हा दोन्ही शक्यता आहेत, डीडीआर४ किंवा डीडीआर५, आणि निर्णय बोर्डाच्या हाती. त्यानंतरच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेच्या डेस्कटॉपला फक्त डीडीआर५.

एएमडीकडे हिशेब सोपा. एएम४ सॉकेट असेल तर डीडीआर४च, एएम५ असेल तर डीडीआर५च. तिथे दुसरी शक्यताच नाही.

सावधान: रायझनच्या नावातला हजाराचा आकडा वेगाबाबत फसवतो. रायझन ३ ३२००जी ही ३००० मालिकेत मोजली जाते, पण तिची आतली रचना आधीच्या पिढीची आहे आणि अधिकृत वेग २९३३पर्यंतच. रायझन ५ ३६०० मात्र ३२००पर्यंत जाते. मालिकेवरून अंदाज बांधू नका, नेमक्या मॉडेलचं पान उघडा.

## टप्पा ३: डीडीआरचा अंक पक्का करा

प्रोसेसर दोन प्रकार घेत असेल तर अंतिम शब्द बोर्डाचा. एलजीए१७००च्या बोर्डांवर कंपन्या नावातच खूण ठेवतात. असुसच्या अनेक बोर्डांच्या नावाच्या शेवटी "डी४" असतं, एमएसआय आणि गिगाबाइट बऱ्याचदा सरळ "डीडीआर४" लिहितात. अशी खूण नसेल तर बोर्ड डीडीआर५चाच आहे असं मात्र धरून चालू नका, बोर्डाच्या पानावर मेमरीची ओळ वाचा.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही डेस्कटॉप स्टिकना २८८ पिना असतात, त्यामुळे लांबून त्या सारख्याच दिसतात. मधली खाच मात्र वेगळ्या ठिकाणी असते. डीडीआर३ला २४० पिना. खाच जुळत नसेल तर स्टिक बसणारच नाही. "थोडा जोर लावला की बसेल" हा विचार इथे स्लॉट फोडतो आणि पाचशे-हजाराच्या बचतीसाठी बोर्ड जातो.

व्होल्टेजही इथेच पाहून घ्या. डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५वर, डीडीआर४ १.२वर आणि डीडीआर५ १.१वर. यातला खरा घोटाळा डीडीआर३ आणि डीडीआर३एलमध्ये होतो, कारण त्या दोघींची खाच एकाच जागी असते. चौथ्या पिढीच्या डेस्कटॉपवर दोन्ही चालतात. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला सर्वसाधारणपणे डीडीआर३एलच लागते. सहाव्या-सातव्या पिढीच्या डीडीआर३एल बोर्डावर १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ लावली तर ती कदाचित सुरूही होईल, पण प्रोसेसर त्या व्होल्टेजसाठी बनवलेला नाही. चालतेय म्हणून राहू देऊ नका.

तपासा: आता कागदावर बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआरचा अंक, तिन्ही आहेत का? यातलं एक जरी अर्धवट असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: आकार आणि जात

डेस्कटॉपला लांब स्टिक लागते, तिला डीआयएमएम म्हणतात. लॅपटॉपला आखूड, सोडीम. छोट्या मिनी पीसीत आणि ऑल-इन-वनमध्येही बहुतेकदा सोडीमच असते, तिथे डेस्कटॉप म्हणून लांब स्टिक नेणारे फसतात.

लॅपटॉपसाठी आधी हे बघा की स्लॉट आहे तरी का. टास्क मॅनेजरमध्ये "परफॉर्मन्स", मग "मेमरी". खाली "फॉर्म फॅक्टर"समोर "सोडीम" असेल तर ठीक. "रो ऑफ चिप्स" असेल तर रॅम बोर्डावरच डाख देऊन बसवलेली आहे. एलपीडीडीआर४एक्स किंवा एलपीडीडीआर५ असं वर्णन असेल तरी अर्थ बहुतेक वेळा तोच. काही लॅपटॉपमध्ये थोडी रॅम पक्की बसवलेली आणि सोबत एक स्लॉट अशी रचना असते, म्हणून माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय निराश होऊ नका आणि पैसेही देऊ नका.

दुसरी गोष्ट सर्व्हरच्या रॅमची. वापरलेल्या मालात सोळा-बत्तीस जीबीची डीडीआर४ स्टिक संशयास्पद स्वस्त मिळाली तर ती बहुधा रजिस्टर्ड म्हणजे आरडीआयएमएम असते. ती साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, आणि मशीन अजिबात सुरू होत नाही. डीडीआर५मध्ये खाचच वेगळी ठेवल्यामुळे ती बसतच नाही, डीडीआर४मध्ये मात्र हा धोका पुरता आहे. लेबलवर काय बघायचं ते टप्पा ८मध्ये येतंच.

तिसरी, "फक्त एएमडीसाठी" अशी टीप असलेली डीडीआर३ची आठ जीबी. इंटेलचा मेमरी कंट्रोलर स्वीकारत नाही अशा मांडणीच्या चिप्स तिच्यावर असतात. इंटेलच्या मशीनला ती चालत नाही. ऑनलाइन विकणारे ही टीप वर्णनाच्या तळाशी टाकतात, म्हणून वर्णन शेवटपर्यंत वाचा.

## टप्पा ५: क्षमता, आणि इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात

तीन मर्यादा एकाच वेळी लागू असतात: प्रोसेसरची कमाल क्षमता, बोर्डाची कमाल क्षमता, आणि एका स्लॉटमध्ये कमाल किती. तिन्हींत सर्वांत लहान आकडा तुमचा.

एक उदाहरण सविस्तर बघू. समजा डिचोलीत लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं आणि जत्रेचे फलक करणारं डीटीपीचं दुकान आहे. मशीनमध्ये आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड, दोन स्लॉट, आणि आत चार जीबीची एकच स्टिक. मोठ्या फलकाची फाइल उघडली की मशीन गुदमरतं. मालकाने प्रोसेसरचं पान बघितलं, तिथे कमाल ३२ जीबी लिहिलंय. म्हणून त्याने सोळा-सोळाच्या दोन स्टिक शोधायला घेतल्या. पण एच८१ बोर्डाची मर्यादा १६ जीबी, म्हणजे स्लॉटमागे आठ. त्याच्यासाठी बरोबर उत्तर आठ-आठच्या दोन.

इतक्यावर थांबला तरी तो फसू शकतो. डीडीआर३ची आठ जीबीची स्टिक दोन तऱ्हांनी बनते. एकीवर सोळा चिप्स, दोन्ही बाजूंना आठ-आठ. दुसरीवर आठच चिप्स, प्रत्येक दुप्पट घनतेची. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर दुसरी तऱ्हा ओळखत नाहीत, ती पाचव्या पिढीपासून पुढे चालते. दोन्हींच्या पाकिटावर "८ जीबी डीडीआर३एल १६००" हेच लिहिलेलं. मशीन सुरू न होण्याचं हे कारण दुकानातही पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि स्टिक "खराब" ठरवून परत पाठवली जाते. जुन्या इंटेल मशीनसाठी डीडीआर३ घेताना दोन्ही बाजू बघा आणि सोळा चिप्स मोजा.

जुने बोर्ड किती घेतात? एच६१ आणि एच८१ला दोन स्लॉट आणि एकूण १६ जीबी. सहाव्या पिढीच्या जमान्यातल्या एच११० डीडीआर४ बोर्डाला दोन सोळा, म्हणजे ३२. पुढच्या काळात ३२ जीबीच्या डीडीआर४ स्टिक आल्या आणि नव्या बोर्डांची मर्यादा वाढली, पण काही बोर्डांना त्यासाठी बायोस नवीन करावं लागतं. डीडीआर५मधल्या २४ आणि ४८ जीबीच्या स्टिकचंही तसंच.

तपासा: विंडोज ३२ बिटचं तर नाही ना? तसं असेल तर चार जीबीच्या वर घातलेली रॅम वापरली जाणार नाही. "सेटिंग्ज"मध्ये "अबाउट"च्या पानावर "सिस्टम टाइप" बघा.

## टप्पा ६: वेग

वेगाचा नियम क्षमतेसारखाच: प्रोसेसर, बोर्ड आणि स्टिक, या तिघांत जो हळू त्याच्या वेगाने सगळे चालतात. जास्त वेगाची स्टिक कमी वेगाच्या मशीनला सहसा चालते, ती फक्त खाली उतरून चालते. म्हणून ३२००ची स्टिक आय५-१०४०० आणि एच४१० बोर्डावर २६६६नेच धावेल. बिघाड नव्हे तो. त्या वेगासाठी जादा पैसे मोजू नयेत एवढंच.

पाकिटावरचा मोठा आकडा बऱ्याचदा एक्सएमपीचा, म्हणजे बायोसमधून चालू करायच्या जादा वेगाच्या तयार सेटिंगचा असतो. म्हणजे "डीडीआर४ ३६००" लिहिलेली स्टिक पहिल्यांदा लावल्यावर २१३३, २४०० किंवा २६६६ने सुरू होते आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्यावर वर जाते. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर हेच काम एक्सपो नावाने होतं. तुमच्या बोर्डात ही सोय आहे का हे आधी पाहा. डेल, एचपीच्या ऑफिस मशीनमध्ये ती सहसा नसते. अशा मशीनला एक्सएमपीवर अवलंबून नसलेली, मुळातच ३२००ची आणि १.२ व्होल्टची साधी स्टिक घ्यावी. चमकदार पत्रा चढवलेली महागडी घेऊन ती २४००वर चालवण्यात काहीही लाभ नाही.

एएम५वाल्यांनी एक गोष्ट मनात पक्की धरावी. रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग दोन स्टिकवर ५२०० आहे, पण चार स्टिक लावल्या की तो ३६००वर येतो. ६४ जीबी हवी असेल तर सोळाच्या चार घेण्यापेक्षा बत्तीसच्या दोन घ्या. "आत्ता दोन घेऊ, पुढच्या चवथीला आणखी दोन" असा बेत डीडीआर५वर करू नये.

आणि ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी, त्यांनी एक सोळा घेण्याऐवजी दोन आठ घ्याव्यात. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, आणि दोन चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधले दोन रस्ते) मिळाले की व्हिडिओ एडिटिंगमध्ये आणि खेळात फरक डोळ्यांना दिसतो. हे ग्राफिक्स थोडी रॅम स्वतःसाठी राखून ठेवतं, म्हणून १६पैकी चौदा-साडेचौदाच वापरायला मिळाली तर घाबरून जाऊ नका.

## टप्पा ७: बोर्डाची मान्य यादी वाचा

प्रत्येक कंपनी आपल्या बोर्डाच्या "सपोर्ट"च्या पानावर तपासून पाहिलेल्या स्टिकची यादी ठेवते. तिला क्यूव्हीएल किंवा मेमरी सपोर्ट लिस्ट म्हणतात. यादी उघडताना प्रोसेसरचं कुटुंबही निवडावं लागतं, कारण त्याच बोर्डावर वेगवेगळ्या रायझनसाठी वेगवेगळ्या याद्या असतात. तिच्यातला "दोन स्टिक" आणि "चार स्टिक"चा रकाना नीट बघा. दोनला मान्य असलेली स्टिक चारला मान्य असेलच असं नाही.

यादीत नाव नाही म्हणजे चालणार नाही असा अर्थ होत नाही. कंपन्या बाजारातली प्रत्येक स्टिक तपासत नाहीत. साध्या वेगाची, नामांकित कंपनीची, मानक व्होल्टेजची स्टिक यादीबाहेर असली तरी सहसा अडचण येत नाही. पण ३६०० किंवा ६०००सारख्या चढ्या वेगाची घेणार असाल तर यादीतलीच घ्या. आणि पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. कॉर्सेअरच्या स्टिकवर पार्ट नंबरखेरीज "व्हर्जन" असा बारीक आकडा असतो. पार्ट नंबर तोच ठेवून आतल्या चिप्स बदललेल्या असतात, ते या आकड्यावरून कळतं.

बायोस नवीन करायचं ठरलं तर ते काम यूपीएसवरच करा, आणि यूपीएसची बॅटरी जिवंत आहे याची आधी खात्री करून घ्या. जून-जुलैत, पावसाच्या पहिल्या जोरात गावोगाव वीज जाते-येते, तेव्हा हे काम टाळलेलंच बरं. मधेच वीज गेली तर बोर्ड उठत नाही.

## टप्पा ८: दुकानात लेबल वाचणं

मूळ कंपनीच्या स्टिकवर एक ओळ असते. तिचा नमुना असा: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यूए२-११. डावीकडून वाचत या.

पहिला भाग क्षमता. "१आर" म्हणजे एक रँक (एकत्र काम करणाऱ्या चिप्सचा एक गट), "एक्स८" म्हणजे प्रत्येक चिपची रुंदी आठ बिट. साध्या मशीनला एक्स८ किंवा एक्स१६ असतं. एक्स४ दिसलं तर थांबा, ती सर्व्हरची किंवा वर सांगितलेली फक्त-एएमडी जातीची असण्याची दाट शक्यता. "पीसी४" म्हणजे डीडीआर४, पीसी३ म्हणजे डीडीआर३, पीसी३एल म्हणजे कमी व्होल्टेजची. २६६६ हा वेग. त्यानंतरच्या डॅशपुढचं पहिलं अक्षर सर्वांत मोलाचं: "यू" असेल तर साधी डेस्कटॉपची, "एस" असेल तर लॅपटॉपची, "आर" असेल तर सर्व्हरची रजिस्टर्ड, "ई" असेल तर ईसीसीची, म्हणजे चुका दुरुस्त करण्याची सोय असलेली. "आर" असेल तर तिथेच परत करा.

डीडीआर३च्या लेबलवर वेगाच्या जागी १२८०० असा मोठा आकडा असतो. त्याला आठने भागा, १६०० मिळतील. तसंच डीडीआर४चे २५६०० म्हणजे ३२००.

किंग्स्टनच्या साध्या मालिकेत हेच पार्ट नंबरात गुंफलेलं असतं. केव्हीआर२६एन१९एस८/८ यात २६ म्हणजे २६६६, "एन" म्हणजे डेस्कटॉपची साधी, तिथे "एस" आलं असतं तर लॅपटॉपची, १९ ही लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा अवधी), "एस८" म्हणजे एक रँक आणि आठ बिटच्या चिप्स, आणि तिरक्या रेघेपुढे क्षमता.

वापरलेली स्टिक घेत असाल तर लेबलचा फोटो आधी मागवा. "लेबल निघालंय" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. आणि विकणाऱ्याशी बोलताना मोघम राहू नका: "दादा, पीसी४, यू लिहिलेली, आठ जीबी, दोन हव्यात, मशीनला लागली नाही तर परत घ्याल ना?" असं विचारा, आणि परतीची मुदत बिलावर लिहून घ्या.

## टप्पा ९: जुन्या स्टिकबरोबर नवी

वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकत्र चालू शकतात. हमी मात्र कोणी देत नाही. डीडीआरचा अंक सारखा हवाच. वेग वेगळा असेल तर दोन्ही हळू स्टिकच्या वेगाने चालतात. चार आणि आठ अशी जोडी लावली तर काही भाग दोन चॅनेलवर आणि उरलेला एकावर चालतो. ऑफिसच्या कामाला हे पुरेसं आहे. सीपीयू-झेडच्या "एसपीडी"च्या पानावर जुन्या स्टिकचा पार्ट नंबर आणि रँक दिसतात. शक्यतो तोच पार्ट नंबर शोधा, नाहीतर निदान तोच वेग, व्होल्टेज आणि रँक. चढ्या वेगाची रॅम मात्र एकाच पाकिटात आलेली जोडीच घ्यावी.

## टप्पा १०: बसवणं आणि पडताळणी

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक सर्वसाधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. तिथे ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. माहितीपुस्तिकेत खात्री करून घ्या. शेजारी-शेजारी लावल्यास बहुतेक बोर्डांवर एकच चॅनेल चालतो आणि वेग हातचा जातो. खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या, खिटी टक्कन बसली पाहिजे.

किनाऱ्याजवळच्या घरांत, वास्को-कळंगुटकडे तर विशेष, खाऱ्या दमट हवेने स्टिकच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. जुळणारी रॅमसुद्धा मग दिसत नाही. रॅम जुळत नाही असा निष्कर्ष काढण्याआधी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबर लोक वापरतात, पण तो जोराने घासला की सोन्याचा मुलामा निघतो. स्लॉटमधली धूळ हवेने उडवा, टोकदार वस्तू आत घालू नका.

डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. बंद करू नका, थांबा.

मशीन उठल्यावर तीन ठिकाणी बघा. बायोसमध्ये एकूण क्षमता. टास्क मॅनेजरमध्ये वेग आणि वापरलेले स्लॉट. सीपीयू-झेडच्या "मेमरी"च्या पानावर चॅनेल. इथे वेगाचा आकडा निम्मा दिसतो, ३२००च्या रॅमला १६००च्या आसपास, आणि ते बरोबरच आहे.

## सुरूच झालं नाही तर

एकच नवी स्टिक ए२ स्लॉटमध्ये लावून पाहा. मग दुसरी, त्याच स्लॉटमध्ये. दोन्ही एकेकट्या चालत असतील आणि एकत्र नाही, तर एक्सएमपी बंद करून पाहा. तरीही नाही तर वीज काढून, माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या पद्धतीने सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर आणा. जुनी स्टिक चालते पण नवी कोणत्याच स्लॉटमध्ये नाही, तर आधी टप्पा ४ आणि ५चा तपशील पुन्हा जुळवा, मग बायोसची आवृत्ती.

कोणतीही स्टिक ठरावीक एकाच बाजूच्या स्लॉटमध्ये दिसत नसेल तर दोष रॅमचा नसतो. इंटेलच्या सॉकेटमधली पिन वाकलेली असणं किंवा प्रोसेसरवरचा कूलर एका बाजूला जास्त आवळलेला असणं, ही दोन कारणं आधी पाहावीत.

सगळं व्यवस्थित दिसलं तरी परतीची मुदत संपण्याआधी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवा, तेही यूपीएसवर. एकही चूक दिसली तर एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवा. तेव्हाही चूक आली तर बायोसमध्ये व्होल्टेज वाढवून चालवण्याच्या फंदात पडू नका, चूक दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो काढा आणि बिलासह स्टिक परत करा.